तेराशे सत्याऐंशी

दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर ती दम घ्यायला थांबली, म्हणून ते तिच्या कानावर पडलं. खालच्या पायऱ्यांवर दोन सुपरवायझर चहाचे कागदी पेले हातात घेऊन उभे होते. एक पुलाच्या कामावरचा, दुसरा गोदामांच्या शेडवरचा. पुलावरचा म्हणाला, "हातमोजे आठशे लिही." शेडवरचा म्हणाला, "आठशे काय करू? मला चारशे पुरतात." "म्हणून तर आठशे लिही. वरती भागिले दोन बसलीय ना." मग दोघं हसले. त्या हसण्यात कुचकेपणा नव्हता, म्हणून ते जास्त टोचलं. इतक्या सहज बोलत होते ते, जशी ही गोष्ट कधीच ठरून गेलेली होती आणि त्यात रागवण्यासारखं कोणालाच काही उरलेलं नव्हतं. भागिले दोन म्हणजे ती. समोर तिला सगळे बाई म्हणत, नवीन आलेले मॅडम म्हणत. पाठीमागे काय म्हणतात हे इतक्या वर्षांत तिला कळलं नव्हतं, आणि आता कळल्यावर पहिल्यांदा मनात आलं ते एवढंच, की नाव बरं ठेवलंय. पाय न वाजवता ती उरलेल्या पायऱ्या चढून गेली. चोरी आपण केल्यासारखी.

वर्ष संपायला सहा आठवडे उरले की तिच्या टेबलावर कागदांचा ढीग व्हायला लागे. कंपनीची पाच कामं पाच ठिकाणी चालू असत. पूल, शेड, पाया घालायचं काम, यंत्रांची दुरुस्ती आणि दगड कापायचा कारखाना. प्रत्येक ठिकाणाहून पुढल्या तीन महिन्यांचं मागणीपत्रक येई. नवं वर्ष लागलं की दर वाढणार, पुरवठादार साठा मोजण्यासाठी दोन आठवडे दारं लावून बसणार, म्हणजे जे काय उचलायचं ते आधी उचलायला हवं. आणि सगळंच उचलून ठेवता येत नाही. सिमेंट तीन महिन्यांत दम सोडतं. वेल्डिंगच्या कांड्या ओल धरतात. रबरी हातमोजे पेटीत पडून पडून कडक होतात आणि घालायला गेलं की बोटांच्या बेचक्यात फाटतात. काय साठवायचं, काय नाही, कोणता पुरवठादार आठ दिवस सांगून अठरा लावतो, हे तिला पाठ होतं. या कामात तिला गोडी होती. लोकांना हसू येईल, पण ती आंघोळ करताना बोल्टांचे आकार आठवत असे. अकरा वर्षांपूर्वी खरेदीचं टेबल तिच्याकडे आलं तेव्हा साहेबांनी तिला एकच गोष्ट शिकवली होती. मागणीच्या निम्मं मंजूर करायचं. लागलं तर बोंब मारतील. पहिल्या वर्षी तिने भीत भीत निम्मं केलं आणि कोणी बोंब मारली नाही. दुसऱ्या वर्षी न भिता केलं. पुढे पुढे तर हात आपोआप चाले, लाल पेन आकड्यावरून फिरे आणि शेजारी दुसरा आकडा उमटे, आणि कंपनीचं आपण किती वाचवलं या विचाराने दुपारचा डबा तिला गोड लागे. आता कळत होतं की तिने काहीच वाचवलेलं नव्हतं. ते दुप्पट लिहीत होते, ती निम्मं करत होती, आणि जेवढं लागायचं तेवढंच जात होतं. एक खेळ चालला होता आणि त्यातली आपली सोंगटी कोणती एवढंच तिला ठाऊक नव्हतं.

याचं तिला फार वाईट वाटलं नाही. खोटं कशाला बोला, थोडं हसूसुद्धा आलं. तासाभराने ती पुन्हा कागदांना लागली. पूल: हातमोजे आठशे, मास्क सहाशे. शेड: हातमोजे आठशे, हा आत्ताचाच, शाई अजून ताजी वाटत होती. पाया: हेल्मेट दोनशे. दुरुस्ती: कापायच्या चकत्या हजार. सगळी शून्यं, गोल गोल, एकामागे एक. आणि मग पाचवा कागद, दगडाच्या कारखान्याचा. मास्क: एक हजार तीनशे सत्याऐंशी.

ती त्या आकड्याकडे बघत राहिली. लाल पेन उघडलेलं होतं. या आकड्यांचा तिला दर वेळी वैताग यायचा, हे आठवलं. सत्याऐंशी कशाला लिहितो हा माणूस, चौदाशे लिहायला काय होतं. निम्मं करताना सहाशे साडेत्र्याण्णव येत, मग ती वर ओढून सरळ सातशे करी, आणि ते साडेसहा मास्क जास्त दिल्याबद्दल स्वतःलाच थोडं उदार समजे. सत्याऐंशी. असा आकडा कोणी फुगवून लिहीत नाही. ज्याने मोजलंय त्यालाच सत्याऐंशी मिळतात. तिच्या कानशिलांना गरम लागलं, पंखा डोक्यावर फिरत असताना. तिने पेनाचं टोपण लावलं, उठून कपाटातल्या जुन्या फायली काढल्या आणि जमिनीवरच बसली. चौदाशे दोन, त्याचे सातशे. बाराशे पंच्याण्णव, त्याचे साडेसहाशे. तेराशे सहासष्ट, पुन्हा सातशे. प्रत्येक तिमाही. अकरा वर्षं. तेच बारीक, उभं अक्षर, आणि त्याच्या शेजारी तिचं लाल. चौघं दुप्पट लिहून हवं तेवढं घेत आले होते आणि पाचवा खरं लिहून निम्म्यावर राहिला होता. सगळी लाल सही तिची होती. दुसऱ्या कोणाची असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं, आणि वाटल्याची लाजही वाटली, पण ती नंतर.

दुसऱ्या दिवशी साठा तपासायचं निमित्त काढून ती दगडाच्या कारखान्यावर गेली. गाडीने दोन तासांची वाट. अकरा वर्षांत ती इथे दोनदाच आली होती, दोन्ही वेळा ऑफिसच्या खोलीतूनच परत गेली होती. तिथल्या भांडाराचा माणूस साठीला टेकलेला. मोजून दिल्याशिवाय खिळासुद्धा देत नाही म्हणून त्याला सगळे मास्तर म्हणत. त्याने तिच्यासाठी खुर्ची पुसली. दोनदा पुसली, कारण पहिल्यांदा पुसून वळेपर्यंत खुर्चीवर पुन्हा पिठासारखा थर बसला होता. तिथे सगळ्यावरच तो थर होता, वहीवर, पंख्याच्या पात्यांवर, त्याच्या भुवयांवर. भिंतीपलीकडे कटर चालू होते आणि त्यांचा आवाज कानांपेक्षा दातांत जास्त जाणवत होता. तिने कपाटं बघितली. सगळं नीट रचलेलं, प्रत्येक खणावर चिठ्ठी. मागच्या दारातून तिला अंगण दिसलं. अंगणात या खांबापासून त्या खांबापर्यंत दोरी बांधली होती आणि दोरीवर मास्क वाळत घातले होते. वीस-पंचवीस. वाऱ्याने सगळे एकदम एका बाजूला वळत होते.

"हे धुतलेत?" तिने विचारलं.

"धुतल्याशिवाय कसे घालणार, बाई? पहिल्या दिवशी बाहेरून पांढरा होतो, दुसऱ्या दिवशी आतून."

"खोक्यावर लिहिलेलं असतं, धुवू नये म्हणून."

"वाचलंय," मास्तर म्हणाला. "धुतला की त्यातली जाळी जाते. पण एका माणसाला एक मास्क दोन दिवस चालवायचा म्हणजे मग दुसरं काय करणार. एकोणीस माणसं, पंच्याहत्तर दिवस. रजा वजा केल्या की तेराशे सत्याऐंशी होतात. मिळतात सातशे." तक्रारीचा सूर नव्हता. गणित समजावून देत होता.

"मग कमी पडतात म्हणून तुम्ही कधी कळवलं का नाही?"

त्याने कान जरा पुढे केला. प्रश्न नीट ऐकू आला नसावा असं त्याला वाटलं असेल. "कळवतो की," तो म्हणाला. "दर तीन महिन्यांनी. मागणीपत्रकात."

तिने काहीतरी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तोंडात धूळ गेली, म्हणून खोकली. मास्तरने पाणी आणून दिलं, पेला विसळून. तो खालच्या आवाजात म्हणाला, "तुमच्यापुढे पाचही कामांचे कागद असतात. कुठे जास्त नड असेल ते तुम्हालाच दिसणार. मला इथून एवढं एकच दिसतं. मी आमच्या माणसांनाही तेच सांगतो. वरचे विचार करूनच पाठवतात." बोलताना तो हसलासुद्धा, तिची अडचण आपल्याला समजते अशा अर्थाने. आता सांगायचं, असं तिला वाटलं. बाकीचे दुप्पट लिहितात, तुम्हीही लिहा, एवढीच दोन वाक्यं. पण ती दोन वाक्यं बोलायची तर तिसरंही बोलावं लागलं असतं, की मी न बघता निम्मं करते, अकरा वर्षं, तुमचंसुद्धा. तिने पाणी पिऊन पेला खाली ठेवला आणि साठ्याच्या वहीवर सही केली. सगळं बरोबर असल्याची.

परतीच्या वाटेवर तिला वह्या आठवल्या. शाळा सुरू व्हायच्या आधी वडील जेवणं झाल्यावर तिन्ही मुलांना पुढे बसवून विचारायचे, काय काय लागणार ते सांगा. वडील वाईट नव्हते. पण मुलं जास्त मागतात हे त्यांनी कुठेतरी धरून ठेवलेलं होतं, आणि ते सगळ्यांचं निम्मं करायचे. दादाला हे पहिल्याच वर्षी उमगलं. तिला दादाकडे बघून उमगलं. तिला चार वह्या लागायच्या, ती आठ सांगायची, तोंड अगदी गरीब करून. ताई मधली. ताई आपलं दप्तर उघडून, गेल्या वर्षीच्या वह्यांची किती पानं उरलीत ते मोजून सांगायची, पाच. तिला मिळायच्या अडीचच्या तीन. मग ती बारीक अक्षरात लिहायची, समासातसुद्धा, आणि गणितं पेन्सिलने सोडवून पुन्हा खोडून त्याच पानावर दुसरी. तिचं कशाचं काही म्हणणं नसतं, असं आई कौतुकाने सांगायची आल्यागेल्याला. आणि दहावीनंतर तिघांपैकी एकाचं शिक्षण थांबवायची वेळ आली तेव्हा ते कोणाचं थांबवायचं यावर घरात चर्चाही झाली नाही. तिचं कशाचं काही म्हणणं नसतं. गाडीच्या खिडकीतून बाहेर एकसारख्या भिंती जात होत्या, पत्र्याची कुंपणं, अर्धवट खांब, त्यांतून वर आलेल्या गंजक्या सळ्या. हे सगळं तिनेच विकत घेतलेलं असू शकत होतं. तिच्या जिभेवर अजून दगडाचा कण होता, कुठे आहे ते सापडत नव्हतं.

सोमवारी तिने मास्तरच्या कागदावर आकडा न कापता सही केली आणि शेवटच्या मंजुरीसाठी साहेबांकडे नेला. साहेब हुशार माणूस. चष्मा कपाळावर ठेवून वाचायचे. ते म्हणाले, "गेल्या खेपेला सातशे, आता तेराशे सत्याऐंशी. काय झालं, माणसं वाढली?"

"माणसं तेवढीच आहेत. त्यांना आधीपासूनच कमी जात होते."

"अकरा वर्षं?"

"अकरा वर्षं."

"अकरा वर्षं सातशेत भागलं ना? मग गरज सातशेचीच आहे." त्यांनी हे दुष्टपणाने म्हटलं नाही. एखादं समीकरण सुटावं तसा त्यांचा चेहरा मोकळा झाला. ती म्हणाली की मास्क धुवून वापरतायत, धुवायचे नसतात. साहेब म्हणाले, वापरतायत ना पण. मग आवाज उतरवून ते म्हणाले, "हे बघा, बाकी चौघांना मागणीच्या निम्मं आणि याला पूर्ण, हे मी वरती कसं दाखवू? उद्या चौघं माझ्या दारात उभे राहतील. एकाला एक नियम, दुसऱ्याला दुसरा, असं नाही चालत." बाकीचे चौघं दुप्पट लिहितात, हे वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं. ते बोललं की चौघांचेही खरे आकडे मागवावे लागतील, मग ते चौघं तिला सोडणार नाहीत, आणि वर्ष संपायला पाच आठवडे. ती कागद घेऊन बाहेर आली.

रविवारी दुपारी ताईला फोन केला. ताई सासरच्या त्याच घरात, मुलगा-सून वरच्या मजल्यावर, ही खाली. गुडघे कसे आहेत, बरे आहेत. डॉक्टरकडे गेलीस का, जाईन. बोलता बोलता तिने वह्यांचा विषय काढला. हसत काढला, गंमत म्हणून, आणि आपलं हसणं आपल्यालाच खोटं ऐकू आलं. पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"तुला राग नाही यायचा का गं, ताई? बाबांचा?"

"बाबांचा नाही आला," ताई म्हणाली. "त्यांना काय कळत होतं. तुझा यायचा."

"माझा?"

"तुला माहीत होतं ना किती सांगायचं ते. एका अंथरुणात झोपायचो आपण. एकदा कानात सांगितलं असतंस तरी चाललं असतं." मग तिने नेहमीच्या आवाजात विचारलं, "गुडघ्याला ते तेल लावतेस ना तू, त्याचं नाव काय?"

तिने नाव सांगितलं. फोन ठेवल्यावर बराच वेळ ती पलंगाच्या कडेवर बसून होती. चादरीवरच्या रेघा मोजत होती आणि मध्येच चुकत होती. ताईने हे चाळीस वर्षं जपून ठेवलेलं होतं आणि एकदाही हाताशी आणलं नव्हतं. मागितलंच कुठे कोणी. पण माणूस आपल्याला झेपेल तेवढंच ऐकतो. तिने त्यातून एवढंच उचललं, की मास्तरला पूर्ण मास्क मिळाले पाहिजेत. कानात सांगायचं राहिलं होतं, ते पुन्हा राहिलंच. सोमवारी ऑफिसात माणसं यायच्या आधी तिने कोरं मागणीपत्रक घेतलं, वर 'सुधारित' लिहिलं, आणि मास्तरच्या नावाने टाइप केलं: मास्क, दोन हजार आठशे. सहीच्या जागी 'प्रत' असा शिक्का मारला. साहेबांनी कागद कपाळावरच्या चष्म्याखाली धरला, एकदा तिच्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "आता कसं माणसासारखं लिहिलंय." शेजारी चौदाशे लिहून सही केली. एवढं सोपं होतं. ती जागेवर येऊन बसली तेव्हा तिचे पाय हलके झाले होते, आणि त्या आठवड्यात तिने सगळी खरेदी झपाट्याने उरकली. पुरवठादारांशी तर चक्क थट्टामस्करी केली.

मंजुरीच्या प्रती पाचही ठिकाणी गेल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मास्तर ऑफिसात हजर. इस्त्रीचा शर्ट, बगलेत फाइल, भुवया स्वच्छ. धुळीवाचून तो कोणी दुसराच, जास्त म्हातारा दिसत होता. तो तिच्याकडे आला नाही. सरळ साहेबांच्या खोलीत गेला, आणि पाच मिनिटांनी साहेबांनी तिला बोलावून घेतलं. टेबलावर मास्तरचं पत्र होतं. आपल्या नावावर नजरचुकीने दोन हजार आठशे असा आकडा पडला आहे, आपली मागणी तेराशे सत्याऐंशीच आहे, तरी दुरुस्ती व्हावी.

मास्तर खुर्चीच्या टोकावर बसला होता. ती आल्यावर उठला. "बाई, तुमच्याकडे आधी यायला हवं होतं," तो म्हणाला. "पण चूक कोणाची ते माहीत नव्हतं. तुमच्यावर ठपका येऊ नये म्हणून म्हटलं, साहेबांनाच सांगावं. कागदावर माझं नाव आहे. मी एवढे मागितलेले नाहीत."

"अशी माणसं राहिली नाहीत," साहेब म्हणाले. मनापासून म्हणाले, त्यांनी मास्तरसाठी चहा सांगितला. मग प्रत पुढे ओढून चौदाशे खोडले आणि सातशे लिहिले. "मागणी तेराशे सत्याऐंशी, मंजूर सातशे. नियमाप्रमाणे." मास्तरने मान हलवली. त्याला यात नवीन काही नव्हतं. चहा पिऊन तो बाहेर गेल्यावर साहेबांनी खोडलेला कागद तिच्याकडे सरकवला. "हा तुम्ही लिहिला होतात. मला तेव्हाच कळलं होतं. तो माणूस शून्यं लिहीत नाही."

"मग सही का केलीत?"

"कारण कागद बरोबर होता. वरती दाखवता आला असता." चष्मा त्यांनी कपाळावरून डोळ्यांवर आणला, म्हणजे बोलणं संपलं. "त्यानेच येऊन बिघडवला. आता मी काय करू?"

जिन्याच्या वळणावर तिने मास्तरला गाठलं. तो कठडा धरून हळूहळू उतरत होता, दर चार पायऱ्यांनी थांबत होता. आणि तिथे, भिंतीला पाठ लावून, तिने त्याला सगळं सांगितलं. चौघं दुप्पट लिहितात ते, आपण निम्मं करतो ते, सत्याऐंशीच्या वैतागाचं, सुधारित कागदाचं. एकदा सुरू केल्यावर थांबता येईना. त्याने फाइल एका बगलेतून दुसऱ्या बगलेत घेतली.

"म्हणजे बाकीच्यांना पुरत होते," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"चौघांनाही."

"हो."

"मी माझ्या माणसांना सांगत आलो, सगळीकडेच तंगी आहे, आपणही सोसू या." त्याने दोन श्वास घेतले, ते तिला मोजता आले. "कोणी कुरकुर केली तर मी त्याला गप्प करायचो, बाई. मीच."

ती म्हणाली, वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात पुरवणी मागणी असते, साहेब रजेवर असतात, तिच्या एकटीच्या सहीवर चालतं, नंतर जाब द्यावा लागेल तो ती देईल. त्यात मागा. जेवढे लागतात तेवढे. "बरं," मास्तर म्हणाला. पण ते बरं कुठल्या प्रश्नाचं उत्तर होतं ते कळलं नाही. तो उतरत गेला. खालच्या वळणावर त्याचा हात कठड्यावर दिसला, मग तोही दिसेनासा झाला.

पुरवणीचे कागद शेवटच्या आठवड्यात आले. पूल: दोनशे. शेड: तीनशे. ऑफिस अर्धं रिकामं होतं, साहेबांच्या खोलीचा दिवा बंद. दगडाच्या कारखान्याचं पाकीट तिने सर्वांत शेवटी फोडलं. तेच बारीक उभं अक्षर, तारीख, कामाचं नाव, वस्तू: मास्क. नगांच्या रकान्यात काही नव्हतं. खाली लिहिलं होतं, आपणांस योग्य वाटेल तो आकडा आपणच भरावा. सही.

तिने कागद उलटून बघितला, पाकिटात बोट घालून बघितलं. मग रकान्यावर पेन टेकवलं आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला हे येत नाही. कापता येतं. कोऱ्या जागेत किती लिहायचं ते तिला अकरा वर्षांत कधी ठरवावं लागलं नव्हतं. सातशे तर गेलेच होते; तेराशे सत्याऐंशीतून ते वजा केले की झालं, हे कोणालाही जमेल. पण तेराशे सत्याऐंशी ही मास्तरची दीड महिन्यापूर्वीची मोजणी होती, आणि आता तो मोजत नव्हता. तिने कारखान्यात फोन लावला. बराच वाजल्यावर कोणीतरी उचलला. मागे कटरचा आवाज.

"मास्तर आहेत का?"

"आहेत. बसलेत." रिसीव्हरवर हात ठेवल्याचा आवाज, पुटपुट, मग परत. "ते म्हणतात, तुम्हीच बघा."

"तुम्ही कोण?"

"मी कटरवर असतो."

"कटरवर माणसं किती आहेत तुम्ही? आज, आत्ता."

"किती म्हणजे? थांबा, मोजून सांगतो." रिसीव्हर लाकडावर ठेवला गेला. ती ऐकत राहिली. माणूस दारात उभा राहून मोठ्याने मोजत होता, नावांनी नाही, ते एकमेकांना जे म्हणत त्यांनी. "आजोबा एक. दोघं भाऊ, तीन. लांब्या चार. हा पाच, ए, इकडे बघ, पाच..." मध्ये त्याला खोकला आला, तो जाईपर्यंत मोजणी थांबली, आणि मग तो विसरला असावा, कारण पुन्हा आजोबांपासून सुरुवात केली. तिने कागदावर रेघा मारल्या, त्याच्याबरोबर, पाच पाचच्या जुड्या. शेवटी त्याने रिसीव्हर उचलला. "सतरा."

"मागणीपत्रकात एकोणीस होते."

"होते. एक घरी गेला छातीचं घेऊन, तो काही परत येत नाही. आणि एक मी."

"तुम्ही तर आहात ना?"

"मी या महिनाअखेरपर्यंतच. डॉक्टरने बंद करायला सांगितलंय. मला धरू नका."

त्याला धरून तिने कागदाच्या कोपऱ्यात अठरा लिहिलं होतं. ते खोडलं आणि सतरा केलं. आकडा खरा असायला हवा होता. मग रजा किती धरायच्या ते विचारायचं राहिलं म्हणून तिने "हॅलो" म्हटलं. पलीकडे रिसीव्हर पुन्हा लाकडावर ठेवला होता, आणि तो माणूस कटरकडे परत गेला होता.